राजसबाईंचा गुडघा

मैलापूर, मद्रास
२ मार्च १९५८

प्रिय गुरुराज,

अनेक आशीर्वाद. एकाच शहरात राहून पोस्टखात्याला पोसणारे मावसभाऊ आपण दोघेच असू. पण आईचा नियम तुला ठाऊक आहे. तू आमचा उंबरा ओलांडायचा नाही आणि मी तुझ्या घरचं पाणी प्यायचं नाही. तुझ्या बाप्तिस्म्याला इतकी वर्षं झाली, पण तिचा राग लोणच्यासारखा मुरला नाही, कैरीसारखा करकरीतच आहे. पोस्टमनला मात्र दोन्ही घरी मुभा आहे, म्हणून हे पत्र.

विषय आपल्या सरोजाच्या सुंदरचा. कुंभकोणहून नोकरीसाठी तो माझ्याकडे आला, हे तुला मागे कळवलं होतं. गेल्या महिन्यात जेवताना, रसमभात कालवता कालवता, तो म्हणाला, "मामा, मी येत्या रविवारपासून वेपेरीच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जाणार आहे." आईनं ताटावरून हात उचलला तो तीन दिवस खाली आणला नाही. शेवटी सुंदर आपणहून खोली घेऊन तुमच्या बाजूला राहायला गेला. मी त्याला काढलं नाही हे नोंदवून ठेवतो. थांबवलं नाही हेही खरं.

आता तो माझ्यापेक्षा तुमचा जास्त. त्याच्यावर लक्ष ठेव. तू त्याला शेवटचं त्याच्या मुंजीत पाहिलंस, तेव्हा त्याला शेंडी होती आणि नाक गळत होतं. दोन्ही आता नाहीत. तो होऊन ओळख देईल की नाही, सांगता येत नाही. भाचा माझा आहे. शनिवारी संध्याकाळी मैलापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर मला भेटायचं त्यानं कबूल केलं आहे.

त्याला तुमच्या धर्मात घ्या की घेऊ नका, उपाशी ठेवू नका म्हणजे झालं.

तुझा,
वादिराज


वेपेरी, मद्रास
९ मार्च १९५८

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. (तू हसशील. हस.)

पत्र वाचून फार आनंद झाला. मावशीच्या रागाचं वाईट वाटलं, पण सुंदरची काळजी तू मनातून काढून टाक. आमची मंडळी लहान आहे, तंजावरकडची काही घरं आणि नगरकडून रेल्वेत आलेली काही, पण आमच्याकडे परका माणूस परका राहत नाही. इतकी वर्षं मी इथे वडील, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक, आहे. उपासना सुटली की दारात मी स्वतः उभा असतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेतो. जुन्या माणसांना "घरी सगळे बरे?" विचारतो, नव्यांना "पुन्हा या" म्हणतो. आजाऱ्यांसाठीची प्रार्थनाही माझ्याकडेच आहे. आमचे पाळक, म्हणजे तुमच्या भाषेत पुरोहित, म्हणतात की गुरुराजनं प्रार्थना केली की मंडळीला डोळे मिटून बसता येतं.

यंदा आमच्या देवळाला पन्नास वर्षं होतात. जूनमध्ये मोठा सोहळा आहे. नवे पंखे आले. बाकांना पॉलिश झालं. एकंदरीत मंडळीची स्थिती इतकी चांगली कधीच नव्हती.

सुंदर अजून दिसला नाही. आला की पहिल्या दिवशी जेवायला घरी नेईन.

तुझा,
गुरुराज


मैलापूर, मद्रास
२० एप्रिल १९५८

प्रिय गुरुराज,

आशीर्वाद. तुमचा ईस्टर झाला, आमचं तमिळ वर्ष सुरू झालं. देव दोन्हीकडे जागा असावा अशी आशा आहे, कारण भक्तांचं काही खरं दिसत नाही.

तुमच्या देवळातल्या बातम्या मला कळतात. कशा, ते विचारू नकोस. मला कळलंय की तू दर रविवारी उभा राहून, डोळे मिटून, गळ्यात कंप आणून म्हणतोस, "प्रभो, आमची बहीण राजसबाई, तिच्या गुडघ्याला आराम दे, तिला पुन्हा तुझ्या मंदिरात चालत आण." राजसबाईंचा गुडघा गेल्या नाताळाआधीच बरा झालाय, गुरुराज. त्या चालत येतात. दुसऱ्या बाकावर बसतात. आणि स्वतःच्या दुखण्याला सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणतात.

मी घरातल्या घरात इतका हसलो की आई विचारायला लागली कोणाचं पत्र आलं.

हसणं परक्याचं नाही, हे लक्षात घे. आमचे पुरोहित अजून संकल्पात माझ्या आजोबांचा पत्ता सांगतात. तंजावरचं ते घर विकून मी मद्रासला आलो, तरी देव आशीर्वाद पाठवतोय त्याच दाराशी. दोन्ही धर्मांत तोंड चालतं आणि माणूस आत झोपतो. तुमच्या शास्त्रात दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या मुली आहेत ना? शहाण्या आणि मूर्ख, झोपल्या सगळ्याच. हे तुमचे पाळक सांगत नाहीत असं ऐकतो. ते फक्त कोणाच्या दिव्यात तेल होतं तेवढं सांगतात.

बरं, सुंदर भेटला का? एवढंच सरळ सांग.

तुझा,
वादिराज


वेपेरी, मद्रास
२७ एप्रिल १९५८

दादा,

सलाम. तुझं पत्र वाचून मला राग आला हे लपवत नाही.

आमच्या उपासनेत हेर ठेवून तुला काय मिळतं? राजसबाईंचं म्हणशील तर प्रार्थना जास्त झाली म्हणून कोणी आजारी पडत नाही. त्यांचं वय आहे, गुडघा पुन्हा दुखू शकतो. आणि त्या स्वतः काही बोलल्या नाहीत, मग तुला का टोचावं? तू संस्कृतचा प्राध्यापक, व्याकरणाचा माणूस. तुला एक मात्रा इकडची तिकडे झाली की झोप येत नाही. भक्तीत भाव बघतात. आमची मंडळी जागी आहे, दादा. पंखे लागले म्हणून कोणी झोपलेलं नाही.

सुंदर आलेला नाही. म्हणजे त्याचा विचार बदलला. मावशीला सांग, तिचा उपास फळाला आला.

आणि तुझा हेर मी ओळखला. अगदी मागच्या बाकावर, सायकली लावतात त्या दाराजवळ, एक चष्मेवाला सडपातळ तरुण बसतो. तमिळ असावा, गाणी म्हणताना ओठ नुसते हलवतो. राजसबाईंना पायऱ्या उतरताना कोपराला धरतो, म्हणजे तिथूनच बातमी फुटते. दर रविवारी मी त्याचा हात हातात घेऊन "पुन्हा या" म्हणतो आणि तो हसतो. त्या हसण्यात तुझी झाक आहे असं आज लक्षात आलं. तुझा विद्यार्थी ना?

तुझा,
गुरुराज


मैलापूर, मद्रास
३० एप्रिल १९५८

प्रिय गुरुराज,

तो हेर मला फार प्रिय आहे.

विद्यार्थी म्हण हवं तर. गाताना ओठ नुसते हलवतो, कारण त्याला सूर नाही. त्याच्या आईलाही नाही. येत्या रविवारी त्याचा हात हातात घेशील तेव्हा तो लगेच सोडू नकोस. एक प्रश्न विचार. "तुझं नाव काय?" मराठीत विचार, त्याला येतं.

मी आणखी काही सांगणार नाही. या वयात मला एवढी गंमत तरी असू दे.

तुझा,
वादिराज


वेपेरी, मद्रास
२६ मे १९५८

दादा,

सलाम. उत्तराला उशीर झाला. सोहळ्याच्या कामात जीव मेटाकुटीला आलाय. बिशप येणार, त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची हवी, ती कोणाकडून आणायची यावर आमच्या समितीच्या चार बैठका झाल्या. समितीतला आमचा गुंडो म्हणतो वेताची, बाकीचे म्हणतात गादीची. देवाच्या कामात माणसं एवढी भांडतात, पाहून लाज वाटते.

तुझ्या त्या मुलाचं राहूनच गेलं. तुझं पत्र आलं त्या रविवारी त्याचा हात हातात होता, प्रश्न ओठावर होता, तेवढ्यात गुंडोनं खुर्चीसाठी मला बाजूला ओढलं. पुढच्या रविवारी मी बिशपना पत्र लिहीत आत बसलो होतो. त्यानंतरचे दोन रविवार तो आला नाही. सुट्टीत गावाकडे गेला असेल. तरुण मुलांचं असंच, चार दिवस उत्साह.

राजसबाईंचं मी अजून तसंच ठेवलंय. मध्येच थांबवलं तर लोक विचारतील काय झालं.

पत्रिका सोबत आहे. तू येणार नाहीस, तरी पाठवतो.

तुझा,
गुरुराज


मैलापूर, मद्रास
२७ मे १९५८, सकाळ

गुरुराज,

तो सुंदर आहे.

पहिल्या रविवारपासून तो येतोय. "मी होऊन नाव सांगणार नाही, कोणी विचारलं तर सांगेन," असं मला म्हणाला, आणि मी त्याला भर दिली. तुमची मंडळी नापास झाली तर पोरगा परत येईल, हा माझा हिशेब.

दोन शनिवार तो तळ्यावर आला नाही. मला वाटलं, अखेर तुम्ही त्याला जेवायला नेलंत आणि तो मामाला विसरला. जरा वाईट वाटून घेऊन मी एकटाच पुडीतलं चण्यांचं सुंडल खाऊन घरी आलो. आता तू लिहितोस की तो तुमच्याकडेही नाही. कुंभकोणला नक्की नाही, सरोजाचं पत्र कालच आलं आणि त्यात ती मलाच विचारते की सुंदर का लिहीत नाही.

मी कॉलेजात मुलांना अनुपलब्धी शिकवतो. भुईवर घट नाही, हे दिसणं हेसुद्धा ज्ञान आहे, प्रमाण आहे, असं खडू आपटून सांगतो. आणि रिकाम्या पायरीकडे बघून मी काढलेलं अनुमान हे.

त्याची खोली तुमच्या देवळामागच्या गल्लीत आहे. घर मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आईला रात्रीपासून दम्यानं पछाडलंय, तिला सोडून या घटकेला निघता येत नाही. शेजारचे व्यंकोजी एग्मोरला कचेरीत जातात, त्यांच्या हाती हे पाठवतो. ते तुझ्या हातात देऊनच पुढे जातील. तू आत्ता ऊठ. खुर्ची राहू दे. दारोदार विचार. मी दुपारी पोचतोच.

वादिराज


वेपेरी, मद्रास
१ जून १९५८

दादा,

तू इस्पितळात त्याच्या उशाशी बसलायस आणि मला तिथे दोन शब्द बोलता आले नाहीत, म्हणून लिहितो. डॉक्टर म्हणतात विषमज्वर उतरणीला लागला. आज उपासनेत काय झालं ते तुला कळायला हवं. पण त्याआधी मंगळवारचं, जे तू यायच्या आधी झालं.

व्यंकोजींच्या हातातलं पत्र वाचून मी तसाच, सदऱ्याची बटणं न लावता निघालो. फार शोधावं लागलं नाही. देवळाच्या मागच्या भिंतीला लागूनच ते घर. घरमालकीण तमिळ म्हातारी. ती म्हणाली, तुमच्यातलाच आहे ना तो, मला वाटलं तुम्ही लोक येऊन जात असाल, मी आपली गरम पाणी आणि रसम देत होते. आत चटईवर तो पडला होता. ओठ फुटलेले, चष्मा उशाखाली. मी नाव घेऊन हाक मारली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "गुरुराजमामा, तुम्हाला नाव कळलं."

मी विचारलं, निरोप का नाही पाठवलास, मामाला तरी? तर म्हणाला, आजीला कळलं असतं, ती म्हणाली असती, 'बघा, मी सांगत होते.' मग म्हणाला, "तुम्ही कोणीतरी याल असं वाटलं. रविवारी तुमचा आवाज इथे स्वच्छ येतो. तुम्ही राजसबाईंसाठी प्रार्थना करत होता. मीही आमेन म्हटलं."

दादा, दोन वितींची भिंत आहे ती. तापानं फणफणलेला तो पोरगा पलीकडे पडून एका बऱ्या गुडघ्यासाठी आमेन म्हणत होता, आणि इकडे मी स्वतःवर खूश होऊन डोळे मिटून उभा होतो. माझी समजूत, मी देवाशी बोलतोय. तोंड चाललं होतं, बस्स. त्या वेळी देव जर कुठे असेल तर भिंतीपलीकडे त्या चटईजवळ असेल, इकडे नव्या पंख्यांखाली नक्की नाही. एवढी वर्षं ज्या धर्मासाठी मावशीचा उंबरा सोडला, त्याचं मी हे करून ठेवलं.

आता आजचं. मी प्रार्थनेला उभा राहिलो. सुंदरचं नाव घ्यायचं म्हणून घरून घोकून गेलो होतो. डोळे मिटले आणि तोंडातून आपोआप काय यावं? "प्रभो, आमची बहीण राजसबाई..."

"पुरे!"

डोळे उघडले. राजसबाई उभ्या होत्या. काठी नाही, काही नाही. म्हणाल्या, "पुरे कर रे गुरुराजा. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. दर आठवड्याला देवापुढे आपलं नाव निघतं म्हणून मला बरं वाटायचं, मी गप्प बसले, ती माझी चूक मी बघून घेईन. पण मला हात धरून पायऱ्या उतरवणारं ते पोर कुठंय? दोन रविवार मी कठडा धरून उतरतेय. कोणाला विचारू?"

मी सांगितलं. नाव, ताप, भिंत, सगळं. "तो आमचाच, माझ्या मावसबहिणीचा मुलगा," हेही सांगितलं, तेव्हा गुंडोनं डोक्याला हात लावला. मग मी विचारलं, याच्याशी आपल्यापैकी कोण बोललं होतं? एवढी माणसं, दादा. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पाळकांनी हातातला कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले, आज मला काही सांगण्यासारखं नाही, घरी जा, आणि जाताना आपल्या शेजारच्या बाकावर कोण बसतं ते आठवा.

मला माझा भयंकर राग आलाय. तुझाही आलाय, तेही लिहून टाकतो. आम्ही झोपलो होतो. तू जागा होतास आणि तीन महिने गंमत बघत होतास. आमच्यापेक्षा तुझं जास्त वाईट, असं मला वाटतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

राजसबाई दुपारी कांजीचा डबा घेऊन तिकडे येतील. तू त्यांच्या हातचं खाणार नाहीस, पण सुंदरला भरवू दे.

गुरुराज


मैलापूर, मद्रास
१५ जून १९५८

प्रिय गुरुराज,

उत्तर देतो, कारण तू म्हणतोस ते खरं आहे आणि खऱ्यावर मला टीका सुचत नाही. हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

काल सुंदरला घरी सोडलं. कुठल्या घरी, यावर इस्पितळाच्या दारातच तमाशा झाला. मी म्हटलं मैलापूरला चल. राजसबाई म्हणाल्या त्यांच्याकडे. सरोजा कुंभकोणहून आलेलीच होती, ती म्हणाली गावाला. तो भिंतीला टेकून उभा, हाडांचा सापळा, म्हणाला, "मामा, मघापासून तुम्ही सगळे मला न्यायला भांडताय. महिन्यापूर्वी सगळे मला एकमेकांकडे ढकलून निवांत होता." मग टॅक्सीत बसून म्हणाला, "आजीकडे."

आईनं त्याला दारातच थांबवलं. आता परत पाठवते की काय, म्हणून मी टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. ती मीठमोहऱ्या आणायला गेली होती. दृष्ट काढून झाल्यावर तिनं विचारलं, याला इस्पितळात कोणी नेलं? मी सांगितलं, गुरुराजनं. तिनं मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या. मग म्हणाली, "आला तर बाहेर ओट्यावर बसव. ऊन फार आहे हल्ली." हे कमी आहे हे मला कळतं. पण कैरी जरा पिवळी पडली.

मी सुंदरला विचारलं, आता पुन्हा जाणार का तिकडे? अपेक्षा काय होती, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "हो. आधी मी ते चांगले आहेत की नाही बघायला जात होतो. मीही एवढ्या रविवारांत कोणाचं नाव विचारलं नाही, मामा." मी त्याला ताक दिलं.

पुढच्या रविवारी त्याला घेऊन मी येतो. पायऱ्या उतरायला त्यालाच कोपर लागेल. मागच्या बाकावर बसेन, गाणार नाही, सूर मलाही नाही. दाराशी माझा हात धरून "पुन्हा या" म्हणालास तर मी खरंच पुन्हा येणार नाही. नाव विचार. तुला माहीत असलं तरी विचार.

तुझा,
वादिराज


वेपेरी, मद्रास
१७ जून १९५८ (कार्ड)

दादा,

ये. नाव विचारीन. उत्तर लांबवू नकोस, मागे रांग असते. ओट्यावर यायला मी केव्हाही तयार आहे, मावशीला सांग.

सोहळा लहान केला. बिशपना साधी खुर्ची. राजसबाई आता उपासनेआधी दारात मला गाठतात. म्हणतात, गेल्या रविवारी कोण नव्हतं ते सांग, मग प्रार्थनेला उभा राहा. परवा मला एक रिकामी जागा दिसली, पण तिथे कोण बसायचं ते काही केल्या आठवेना. त्यांनी मला उभं राहू दिलं नाही. "जा, विचारून ये," म्हणाल्या. उपासना सुरू झाली आणि मी, मंडळीचा वडील, चपला घालून बाहेर. दारोदार विचारलं तेव्हा कळलं, ती जागा देवळामागच्या गल्लीतल्या अलमेलूची होती. तिच्या सासूनं अंथरूण धरलंय आणि घरात दुसरं कोणी नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात विळीवर भोपळा चिरत बसलो. देवळातलं गाणं तिथे भिंतीतून ऐकू येत होतं. चांगलं म्हणत होते.

गुरुराज